एकाच पाण्यावर जाळं, गरी आणि डोंगा



दरवेळी मी कर्ज, हिशेब, नाहीतर एखाद्या योजनेबद्दल लिहिते. या वेळी पाण्यावरच्या वागणुकीबद्दल लिहिते आहे. आपल्या महासंघातल्या बऱ्याच गटांनी बोडी नाहीतर तलाव ठेक्यानं घेऊन मासोळी पालन सुरू केलं आहे, आणि आणखी काही गट विचारत आहेत. बीज कुठून आणायचं, खाद्य किती टाकायचं, हे सगळेच विचारतात. त्या पाण्यावर आपल्या आधीपासून कोण आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. मीसुद्धा विचारलं नव्हतं. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात एका गावात मोठा तंटा झाला, आणि त्यात माझी चूक होती. गावाचं नाव लिहीत नाही, पण तिथल्या तायांना आणि त्या डोंगेवाल्या भाऊंना विचारूनच लिहिते आहे.

गावाचा तलाव म्हणजे मामा तलाव. नव्या तायांसाठी सांगते, मामा म्हणजे माजी मालगुजारी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या आपल्या धानाच्या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. काही थेट गोंड राजांच्या काळातले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. काही पाटबंधारे विभागाकडे, काही जिल्हा परिषदेकडे, लहान बोड्या ग्रामपंचायतीकडे. मालक बदलले, पण पाण्यावर उतरणारे हात बहुतेक तेच राहिले. ढिवर, केवट, कहार समाजाची घरं पिढ्यान् पिढ्या तिथं जाळं टाकतात, शिंगाडा लावतात, डोंगा चालवतात.

आपल्या गटानं ग्रामपंचायतीकडून ठेका घेतला, ग्रामसंघाकडून कर्ज उचललं, रोहू, कटला आणि मृगळची बोटुकली सोडली. दुसऱ्या वर्षी मासोळी चांगली वाढली होती. याच तलावात एका ढिवर भाऊंचा डोंगा चालतो. पावसाळ्यात तलावापलीकडच्या शेतांची पांदण पाण्याखाली जाते, तेव्हा निंदणाला जाणाऱ्या बायांना ते पलीकडे सोडतात. नाहीतर पाळीवरून फेरा घालून जायचं म्हणजे तासभर चालणं.

दसऱ्याच्या आधी गटातल्या दोघीतिघींनी बाजारासाठी मासोळी काढायची म्हणून नवं तंगूसचं जाळं आणलं आणि संध्याकाळी या काठापासून त्या काठापर्यंत बांधलं. तंगूस पाण्यात दिसत नाही, हेच त्याचं काम. जाळ्याला वर तरंगणारं काहीच बांधलं नव्हतं. अंधार पडताना डोंगा परत येत होता, त्यात दोन बाया होत्या, एकीच्या मांडीवर लेकरू. जाळं डोंग्याच्या बुडाला आणि वल्ह्याला गुंडाळलं. डोंगा डोलायला लागला. भाऊंनी विळ्यानं जाळं कापलं आणि डोंगा काठाला आणला.

सकाळी गटाच्या बायांना कापलेलं जाळं बाभळीवर टांगलेलं सापडलं. त्यांना वाटलं, कापलं ते कापलं, वरून सगळ्या गावाला दाखवायला टांगून ठेवलं! भांडण झालं. ते म्हणाले, "वाटेत जाळं बांधता काहून? लेकरू बुडलं असतं त मी काय उत्तर देलो असतो?" इकडून उत्तर गेलं, "तलाव आमी ठेक्यानं घेतला जी, फुकट नाई घेतला."

यानंतर तीन दिवस आभाळ भरून होतं. चौथ्या दिवशी सकाळी काठाला मेलेली मासोळी लागली, सगळी मोठी मोठी. कोणीतरी म्हणालं, औषध टाकलं. कोणी टाकलं, ते सांगायची गरजच वाटली नाही. मी त्या दिवशी गावातच होते. तायांचं रडणं पाहिलं, कर्जाचा आकडा डोळ्यासमोर आला, आणि मी तिथंच बसून ग्रामपंचायतीच्या नावानं अर्ज लिहून दिला. त्यात त्या भाऊंचं नाव घातलं. मी एमएसडब्ल्यू शिकलेली आहे, दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात हे मला परीक्षेत लिहायला येतं.

अर्ज गेला आणि त्याच दिवशी डोंगा बंद झाला.

आता विषाचं काय झालं ते सांगते, कारण हे प्रत्येक मासोळी गटाला माहीत हवं. दोन दिवसांनी मत्स्य विभागाचे एक अधिकारी आले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "मरळ मेली का? मागूर, शिंगी मेली का?" कोणालाच दिसली नव्हती. "बेडकं, गोगलगाई, किडे?" तेही नाही. "मासोळी कधी मेली, दिवसा का पहाटे?" पहाटे. मग त्यांनी समजावलं. पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतात. रात्री ऊन नसतं, तेव्हा तयार होणं थांबतं, पण मासोळी, शेवाळ आणि तळाचा कुजणारा गाळ, सगळेच प्राणवायू घेत राहतात. म्हणून पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. तीनचार दिवस ढग राहिले की दिवसाची भरपाई होत नाही, आणि एखाद्या पहाटे मासोळी तोंड वर काढून तडफडते. मोठ्या मासोळीला जास्त लागतो, म्हणून ती आधी जाते. मरळ, मागूर, शिंगी वरची हवा घेऊ शकतात, म्हणून त्या वाचतात. विषाची गोष्ट वेगळी. विष टाकलं तर लहान पोरं, झिंगे, किडे, बेडकं आधी जातात, मरळही सुटत नाही, आणि वेळ कोणतीही असते.

आपल्या तलावात गटानंच महिनाभर शेण जरा जास्त टाकलं होतं. ढगाळ दिवसांत शेण आणि खाद्य थांबवायला हवं होतं. मासोळी तोंड वर काढताना दिसली की ताबडतोब पंप लावून पाणी उंचावरून परत तलावात पाडायचं, बांबूनं पाणी झोडपायचं, नवं पाणी सोडता येत असेल तर सोडायचं. कोणी विष टाकलेलं नव्हतं.

मी आणि गटाच्या अध्यक्ष ताई अर्ज परत घ्यायला गेलो. अर्ज परत मिळाला. लोकांच्या तोंडात गेलेलं नाव परत कसं घ्यायचं, त्याला काही नमुना नाही. मग त्यांच्या घरी गेलो. भाऊ आमच्याशी बोलले नाहीत, जाळं विणत बसले. त्यांच्या आईनं चहा दिला. आजी सत्तरीच्या पुढच्या असतील. बाभळीवरच्या जाळ्याचं मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, दुसऱ्याचं जाळं कापा लागलं त ते पाण्यात सोडू नये. काठावर आणून टांगावं. मालकाले सांगनं होते का मी कापलं, लपवलं नाई. आन त्याले सांधता येते." त्यांच्या घरातली ही पद्धत. आम्ही तिलाच अपमान समजलो होतो.

त्या दिवशी आजींनी बरंच सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं आणि नंतर दुसऱ्या गावांतल्या नावाड्यांना, मासोळी मारणाऱ्यांना विचारत गेले. प्रत्येक पाण्याची रीत थोडी वेगळी, पण गाभा तोच. नाव चालते ती वाट उघडी ठेवायची. जाळं लावलं तर ते दिसेल असं काहीतरी बांधायचं. पूर्वी हलक्या लाकडाचे तुकडे बांधत, आता रिकाम्या बाटल्या. नाववाल्यानं जाळ्याची खूण दिसली की वळसा घ्यायचा, वरून न्यायची नाही. आधी आलेल्याची जागा त्या दिवसापुरती त्याची. दुसऱ्याच्या जाळ्यात मासोळी फडफडताना दिसली तरी हात लावायचा नाही, मालक दिवसभर आला नाही तरी नाही.

गरीवाल्यांची एक रीत मला फार आवडली. मरळीची पिल्लं लालसर असतात आणि झुंडीनं वर तरंगतात. मायबाप खाली राखण करत फिरतात, आणि राखण करणारी मरळ पिल्लांजवळ आलेल्या कशावरही झडप घालते. म्हणून तिथं गरी टाकली की मोठी मरळ हमखास लागते. पण मायबाप गेले की ती सगळी झुंड दुसऱ्या मासोळ्यांच्या पोटात जाते. एका मरळीसाठी शेकडो. म्हणून लाल झुंड दिसली की जुनी माणसं गरी उचलून पुढं सरकतात. नवी पोरं नेमकी तीच झुंड शोधतात, मोबाईलवर फोटो टाकायला मरळ मोठी दिसते ना!

पावसाच्या सुरुवातीचंही तसंच. पहिलं मोठं पाणी आलं की नदीनाल्याची मासोळी अंडी द्यायला धारेच्या उलट चढते. तेव्हा नाल्याच्या तोंडावर बारीक आसाचं जाळं आडवं लावणं म्हणजे बियाण्याचं धान कुटून खाणं. रोहू, कटला, मृगळ वाहत्या पाण्यात अंडी देतात, साचलेल्या तलावात सहसा देत नाहीत, म्हणून तर आपण दरवर्षी बीज विकत आणतो. देशी मासोळीचं तसं नाही. तिला आपण जगू दिलं तर ती फुकट वाढते, आणि आपल्या बाजारात मरळीचा भाव रोहूपेक्षा जास्तच असतो.

विष आणि करंट यावर मात्र शिष्टाचाराची भाषा पुरत नाही. जुन्या काळी गेळफळ, हिंगणबेट कुटून डबक्यात टाकायचे, तेही वाईटच, पण ते झाडाचं होतं आणि डबक्यापुरतं होतं. आता धानावर मारायचं कीटकनाशक टाकतात. त्या पाण्यावर गुरं येतात, बाया भांडी घासतात, आणि ती मासोळी कोणाच्या तरी ताटात जाते. करंट तर त्याहून धोक्याचा. तारेवर आकडा टाकून वायर पाण्यात सोडतात, नाहीतर बॅटरी लावतात. लहानमोठी सगळी मासोळी उलटी होते, आणि पाण्यात उतरलेला माणूसही त्याच करंटमध्ये उभा असतो. पाण्यात बारूद फोडून किंवा विष कालवून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यातच बंदी घातली होती. त्या कायद्यात शिक्षा होती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. तेव्हाचे दोनशे फार मोठे होते.

आता थोडं नदीबद्दल लिहिते, कारण तलावात डोंगा डोलला तेव्हा मला आधी वैनगंगाच आठवली. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला नदीपलीकडं चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. नाव उलटली. सहा जणी गेल्या. आपल्यासारख्याच, रोजीसाठी निघालेल्या बाया. त्या अपघाताला जाळं कारण होतं असं मी म्हणत नाही. पण मिरचीच्या, कापसाच्या दिवसांत आपल्या किती गटांच्या बाया रोज अशाच लहान नावेतून जातात, हे मी बैठकीत विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर झाले. नावेत किती जणी बसायच्या हे कोण ठरवतं, या प्रश्नाला एकीनं उत्तर दिलं, "जेवढ्या मावल्या तेवढ्या."

म्हणून पाण्यावरच्या शिस्तीला मी फक्त मासोळीचा विषय मानत नाही. भरलेल्या लहान नावेत एकीनं घाबरून उठून उभं राहणं पुरेसं असतं. अशा वेळी वल्ह्याला जाळं अडकणं, किंवा शेजारून मोटारची नाव जोरात जाऊन लाट उठणं, ही लहान गोष्ट राहत नाही. मार्कंड्याच्या जत्रेच्या दिवसांत घाटावर किती गर्दी असते, तुम्ही पाहिलीच आहे. लाइफ जॅकेट दिसलं तर घाला. साडीवर चांगलं दिसत नाही हे मलाही मान्य आहे.

तर तलावाचं पुढं काय झालं? बैठक झाली, पिंपळाखाली. गटाच्या बाया, ढिवर समाजाची चार घरं, गरी टाकणारी गावातली पोरं, दोन शेतकरी, ग्रामपंचायत सदस्य. पहिला अर्धा तास नुसती जुनी भांडणं निघाली. मग आजींनी विचारलं की, तुमच्या गटात हप्ता चुकला त काय करता? बायांनी सांगितलं, पहिल्या वेळी समज देतो, दुसऱ्या वेळी पाच रुपये दंड, तिसऱ्या वेळी घरी जातो. "मंग पाण्याचंबी तसंच करा ना," आजी म्हणाल्या.

हे ऐकून मला कॉलेजमधलं एक नाव आठवलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकेतल्या बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. सगळ्यांच्या मालकीचं पाणी, जंगल, कुरण लोक स्वतः कसं सांभाळतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, आपसात लक्ष ठेवलं आणि दंड लहानापासून मोठा ठेवला, तर नियम टिकतात, असं त्यांना दिसलं. त्यांनी दिलेलं तुर्कस्तानातल्या अलान्याचं उदाहरण मी बैठकीत सांगितलं. तिथले मच्छीमार तेव्हा दर सप्टेंबरला जाळं लावायच्या जागांच्या चिठ्ठ्या काढायचे. मग रोज प्रत्येक जण एक जागा पूर्वेला सरकायचा, आणि जानेवारीनंतर उलट पश्चिमेला. चांगली जागा सगळ्यांना मिळायची, आणि आपल्या पाळीच्या दिवशी दुसरा कोणी तिथं बसला तर लगेच कळायचं. पोरांना हे फार पटलं. गरीच्या चार चांगल्या जागांसाठी त्यांनी तिथंच चिठ्ठ्या टाकल्या.

जे ठरलं ते असं. डोंग्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी बांबू रोवायचे, मधली वाट तीन डोंगे बसतील एवढी. जाळं वाटेबाहेर, आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या बाटल्या. अंधारात डोंगा आणायचाच तर लांबून हाळी द्यायची. जीव वाचवायला जाळं कापावं लागलं तर काठावर टांगायचं आणि त्याच दिवशी सांगायचं, नुकसान अर्धं अर्धं. बीज सोडलेली रोहू, कटला, मृगळ गटाची. झिंगे, लहान देशी मासोळी आणि एका कोपऱ्यातला शिंगाडा ढिवर घरांचा. यावर गटात कुरकुर झाली, अजून आहे. काही ताया म्हणतात, ठेका आम्ही भरतो मग वाटा का? मला विचाराल तर ती घरं ठेक्याच्या कागदाच्या आधीपासून त्या पाण्यावर आहेत, आणि रात्री तलावाची राखण बिनपगारी तेच करतात.

कागदाचंही सांगते, कारण उद्या कोणी विचारेल हे नियम करायचा तुम्हाला अधिकार काय. गावाच्या निस्तार पत्रकात गावकऱ्यांचे पूर्वापार वापर नोंदलेले असतात, तलाठ्याकडे जाऊन पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये पाण्यातली मासोळी आणि इतर उपज स्पष्ट लिहिली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच कायद्यानं. पेसा क्षेत्रातल्या गावांत लहान पाणवठ्यांच्या व्यवस्थापनात ग्रामसभेचा शब्द चालतो. म्हणून आपले नियम बैठकीत ठरले तरी ग्रामसभेत वाचून ठरावात घ्या. विष किंवा करंट सापडला तर आपसात दंड करून मिटवू नका, ग्रामसभा आणि पोलीस दोन्हीकडे कळवा. पण नाव लिहिण्याआधी मरळ मेली का ते पाहा.

रविवारी शहरातून गाडीनं गरी टाकायला येणाऱ्यांचं अजून ठरलेलं नाही. ते बाटल्या, खर्ऱ्याच्या पन्न्या टाकून जातात, आणि नियम सांगितला तर "पाणी काय तुमच्या बापाचं हाय का" म्हणतात. पाळीवर पाटी लावायची का पावती फाडायची, यावर पुढच्या बैठकीत बोलणार आहोत. तुमच्या गावात काही उपाय चालला असेल तर कळवा.

डोंगा बारा दिवसांनी परत सुरू झाला. भाऊ माझ्याशी आता बोलतात, कमीच बोलतात. किती जणी बसायच्या यावर त्यांची आणि बायांची बरीच ओढाताण झाली, ते चार म्हणत होते, बाया सहा. शेवटी त्यांनी डोंग्याला बाहेरून पिवळ्या रंगाची रेघ ओढली, रंग ग्रामसंघानं दिला. रेघ पाण्याखाली गेली की सगळ्यात शेवटी बसलेली बाई उतरते आणि पुढच्या फेरीला जाते. मागच्या शनिवारी शेवटी मी बसले होते. मलाच उतरवलं.